सात झाली, चार राहिली

जुन्या पिढीतल्या कुठल्याही आजीला विचारा, ‘तुम्हाला मुले किती?’ उत्तर एका आकड्यात येत नाही. ‘मला सात झाली, चार राहिली.’ पहिला आकडा बाळंतपणांचा, दुसरा माणसांचा. एखादे बारशाआधीच गेलेले असते, एखादे गोवराने, एखादे कशाने गेले ते कोणालाच कळलेले नसते. हे सांगताना आजीचा आवाज हलत नाही, कारण तिच्या जावेचा, नणंदेचा, शेजारणीचा हिशेबही असाच होता. नव्या नवरीला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ म्हणणाऱ्याला आठांतली किती हाती लागतील याची खात्री नव्हती, म्हणून तर आठ मागायची.

११ जुलै हा जागतिक लोकसंख्या दिन. १९८७ मध्ये या दिवशी जगाने पाच अब्जांचा टप्पा गाठला असे धरले गेले, आणि त्यातून हा दिवस आला. आपल्याकडे त्या दिवसापासून २४ जुलैपर्यंत लोकसंख्या स्थिरता पंधरवडा चालतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांवर फलक लागतात, आशाताई घरोघरी जातात, नसबंदी शस्त्रक्रियांचे आकडे तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून मंत्रालयात जातात. आणि दर वर्षीप्रमाणे तोच प्रश्न विचारला जातो: इतक्या गर्दीच्या देशात जास्त मुले होऊ देणे जबाबदारपणाचे आहे का?

प्रश्न टाळण्यासारखा नाही. सकाळच्या विरार लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला तो पडणारच. जिल्हा रुग्णालयात एका खाटेवर दोन बाळंतिणी पाहिल्या की तो पडतो, पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटे तीनपासून रांगेत उभी राहिलेली पोरे पाहिली की तो पडतो. गर्दी खरी आहे. १९५१ साली आपण ३६ कोटी होतो, २०११ साली १२१ कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये आपण चीनलाही मागे टाकले. पण ही गर्दी पाहून आपण भरमसाट मुले होऊ देणाऱ्या ज्या माणसाकडे बोट दाखवतो, तो आता तिथे उरलेला नाही.

२०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात तो आकडा, २ वर आलेला दिसतो. पिढी जशीच्या तशी भरून निघायला २.१ लागतात. महाराष्ट्रात तो १.७ आहे, गोव्यात १.३. बिहारमध्ये अजून ३ आहे, पण उतार तिथेही आहे. मुसलमानांविषयी जे वर्षानुवर्षे कुजबुजत आणि आता उघड व्यासपीठांवरून बोलले जाते, त्याचेही उत्तर याच पाहण्यांत आहे: १९९२-९३ मध्ये त्यांचा जननदर ४.४ होता, तो आता २.४ च्या आत आहे. इतर कोणत्याही समाजापेक्षा ही घट मोठी आहे. शाळेत न गेलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुले होतात आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेलीला १.८, हा फरक मात्र धर्म विचारत नाही.

तरीही लोकसंख्या वाढत राहील, कारण आज आई-बाप होण्याच्या वयात असलेली पिढीच प्रचंड आहे. तिने दोन-दोनच मुले होऊ दिली तरी जन्म मृत्यूंपेक्षा अधिक राहतात. भरधाव गाडीला ब्रेक लावला तरी ती काही अंतर पुढे जातेच. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे की २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपण सुमारे १७० कोटींवर पोहोचू आणि मग उतरू लागू.

दुसरी बाजू पाहायला कोकणात जावे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गावात कुलूप लावलेली घरे, गणपतीपुरते उघडणारे माजघर, आणि पटसंख्येअभावी बंद पडायला आलेली जिल्हा परिषदेची शाळा. त्याच दहा वर्षांत खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही कमी झाली. माणसे उपनगरांत आणि त्याही पलीकडे वसई-विरार, कल्याण-डोंबिवलीकडे ढकलली गेली. लोकलच्या दारातला माणूस तिथे लोंबकळतो, कारण काम एका टोकाला आहे आणि परवडणारे घर दुसऱ्या. त्याच्या आईला किती मुले झाली याचा या प्रवासाशी संबंध फार थोडा आहे.

मग मुले कमी झाली ती कशाने? हा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या दोन दुर्लक्षित तालुक्या-जिल्ह्यांनी दिले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दुष्काळी मुलूख, आणि हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत जात होती. आरोळे दांपत्याने गावातल्याच बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित. त्यांना नाळ कशी कापायची, जुलाब झालेल्या बाळाला साखर-मिठाचे पाणी कसे द्यायचे, गरोदर बाईच्या डोळ्यांत-नखांत काय पाहायचे हे शिकवले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने हेच काम नवजात बाळांसाठी केले. आरोग्यदूत बाई झोपडीत जाऊन बाळाचा श्वास मोजू लागली, त्याला उबेत गुंडाळू लागली, आणि १२१ चा बालमृत्युदर ३० पर्यंत उतरला. जामखेडच्या गावांत जन्मदर घसरला तो पाळणे हलायचे थांबणार नाहीत याची आईला खात्री पटल्यावर. ‘सात झाली, चार राहिली’ हा हिशेब मोडला की सातांची गरजच उरत नाही. हे समजायला मोठी विद्या लागत नाही, पण राज्यकर्त्यांना ते फार उशिरा समजले.

त्याआधी त्यांनी जबरदस्ती करून पाहिली. आणीबाणीतल्या १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांवर. शिक्षकांचे पगार, झोपडीचा पट्टा, सारे नसबंदीच्या दाखल्याशी बांधले गेले. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. विचारांत पुढारलेल्या म्हणवणाऱ्या या राज्याच्या इतिहासातले हे पान आहे, आणि ते झाकून ठेवू नये.

आणीबाणी संपली, सरकार पडले. ‘कुटुंब नियोजन’ हे नाव जाऊन ‘कुटुंब कल्याण’ आले. पुरुषांच्या अंगाला हात लावायची हिंमत त्यानंतर कुणी केली नाही आणि सगळा भार बायकांवर आला. पाचव्या पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी नसबंदी झालेल्या सुमारे ३८ टक्के निघाल्या. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेली जोडपी ०.३ टक्के. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचे ‘ऑपरेशन’ झालेले आहे. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी, कमी धोक्याची; पण ‘मग वजन कसे उचलणार’, ‘अशक्तपणा येईल’ या भीतीने घरातला कर्ता मागे राहतो, आणि ओली बाळंतीण टाके घालून घेते. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि तेरा जणी दगावल्या. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. लोकसंख्या कमी करण्याच्या जबाबदारीची किंमत कोणी मोजली, ते या तेरा जणींच्या लेकरांना विचारावे.

जबाबदारी हा शब्द महाराष्ट्रात कायद्यातही आला आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ पासून सरकारी नोकरीलाही दोन मुलांची अट आहे. हेतू चांगला असेल. पण ज्या घरात किती मुले व्हावीत हे सासू आणि नवरा ठरवतात, तिथे सरपंचपद जाते ते सुनेचे. आणि मुलगा हवाच असेल आणि मुले दोनच चालणार असतील, तर कात्री कोणावर पडते? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या, बीडमध्ये ८०७. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारे पहिले राज्य आपलेच होते, १९८८ साली. कायदा आपला आणि हा आकडाही आपलाच.

त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या मुलींना नवी नावे देण्यात आली. नको होती म्हणून नकुशा. हिच्यानंतर तरी मुलगा व्हावा म्हणून नकुशा. अडीचशेच्या वर मुली निघाल्या. जास्त मुलांमागचे कारण शोधायचे असेल तर ते शाळेच्या हजेरीपटावरच्या या नावात आहे. तिसरी, चौथी, पाचवी मुलगी आईच्या हौसेने जन्मत नाही. अंगात रक्त नाही, आधीचे लेकरू अंगावर पीत आहे, आणि वंशाच्या दिव्यासाठी पुन्हा दिवस राहिले आहेत, अशा घरात पुढचे मूल होऊ देणे बेजबाबदारपणाचे आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. तो देशाबद्दलचा बेजबाबदारपणा नंतरचा; आधी त्या बाईबद्दलचा, आणि आधीच्या लेकरांच्या ताटाबद्दलचा. फक्त तो तिचा नव्हे. तिला कुणी विचारलेलेच नाही.

हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वी सांगितले गेले होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी सोडावी लागली, आणि १९२७ च्या जुलै महिन्यात ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. ते मासिक १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांनी चालवले. खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, आणि त्या मांडणीत एक गोष्ट होती जी नंतरच्या सरकारी घोषणांतून हरवली: प्रसूतीच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलांना कोणी तयार झाला नसता. ठराव फेटाळला गेला. कर्वे आणि आंबेडकर यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी बाई होती. कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या फलकांवर देश आला आणि ती त्या चित्रातली साडी नेसलेली आकृती होऊन राहिली.

आता वारे उलटे वाहू लागले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी अधिक मुले होऊ द्या म्हटले. पाठोपाठ तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सोळा मुलांचा उल्लेख केला. डिसेंबरात नागपुरातून सरसंघचालकांनी तीनांचा आकडा सांगितला. दक्षिणेची भीती समजण्याजोगी आहे: लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या आहेत, त्या नव्या जनगणनेवर वाटल्या गेल्या तर ज्यांनी कुटुंबे लहान ठेवली त्यांचाच आवाज लहान होईल. हा अन्याय होऊ देऊ नये आणि तो संसदेतच सोडवावा. त्याचे उत्तर एखाद्या मदुराईच्या किंवा गुंटूरच्या मुलीच्या गर्भाशयात शोधणे आम्हाला संतापजनक वाटते. काल दोनच म्हणणारे आणि आज तीन तरी म्हणणारे, दोघेही एकाच व्यासपीठावर उभे आहेत, आणि बाळंतपण त्यांतल्या कुणाच्याच वाट्याला येणार नाही.

गर्दीचा हिशेब करणाऱ्यांनी आणखी एक वजाबाकी करून पाहावी. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, अमेरिकन माणूस सुमारे चौदा. आपल्या देशातही एकुलत्या मुलासाठी दोन मोटारी आणि प्रत्येक खोलीत एसी असलेले घर, मेळघाटातल्या पाच मुलांच्या घरापेक्षा या जमिनीवर आणि पाण्यावर अधिक भार टाकते. त्याला कुणी बेजबाबदार म्हणत नाही.

बाईला विचारले तर ती काय सांगते? त्याच पाचव्या पाहणीत तेही मोजले आहे. देशातल्या स्त्रियांना मनापासून हवी होती तेवढीच मुले झाली असती, तर जननदर २ नव्हे, १.६ असता. सक्ती न करता, अट न घालता, घोषणा न देता. हव्या असलेल्या आणि झालेल्या मुलांमधले हे अंतर भरून काढणे एवढेच सरकारचे काम आहे: मुलगी बारावीपर्यंत शाळेत टिकवणे, उपकेंद्रात गोळ्या, तांबी आणि इंजेक्शन बाराही महिने मिळणे, जन्मलेले बाळ जगवणे. आणि ज्या जोडप्याला विचार करून, दोघांच्या संमतीने, पोसण्याची ताकद ठेवून तिसरे मूल हवे आहे, त्यांच्या दारात ना शिबिराचा कर्मचारी उभा राहावा ना अभिनंदनाचा फलक.

आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी होते, याची चौकशी घरातल्या पुरुषाने स्वतः जाऊन करावी. ती मोफत आहे, काही मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. आणि आजी अजून हयात असेल तर तिच्याजवळ बसून, किती झाली आणि किती राहिली हे ऐकून झाल्यावर, तिला किती हवी होती तेही एकदा विचारावे.