मोटारी धुणारे आणि धुऊन घेणारे

पावसाळा सरून रस्त्यांवरचा चिखल वाळू लागला, की नाशकातील मोटारी धुण्याच्या केंद्रांपुढे रांगा लागतात. या केंद्रांविषयी एकच तक्रार सर्वत्र ऐकू येते. मोटार परत मिळते तेव्हा झगमगत असते. पण पुढे कधी तिच्यावर तिरपे ऊन पडले, म्हणजे रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात. तक्रार खरी आहे. तथापि तक्रार करणाराने चहा घेत वर्तमानपत्र चाळण्याऐवजी समोर काय चालले आहे ते एकदा पाहावे.

आम्ही परवा असेच एका केंद्रावर तासभर बसलो होतो. बादली एक, फडके एक. त्याच फडक्याने प्रथम चाके पुसली गेली, मग तेच टपावर फिरले. ब्रेकमधून झडलेली लोखंडाची भुकटी आणि वाटेवरचे वाळूचे कण फडक्यात अडकले, म्हणजे ते सुताराच्या पॉलिश पेपरचे काम करू लागते. वस्तुतः रीत सोपी आहे. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धूळ उडवावी, वरून खाली धूत यावे, साबणाची बादली निराळी व फडके पिळण्याची निराळी ठेवावी, चाकांना स्वतंत्र फडके द्यावे आणि हे सर्व सावलीत करावे. उन्हात साबण वाळून डाग धरतो. गाडीच्या पोटाखाली डिझेल फवारण्याची जी टूम आहे, तिने तर तेथील रबरी भाग खराब होतात. गिऱ्हाईक मात्र तिचे पैसे आनंदाने मोजते!

या रीतीला यंत्रे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि नेमका तोच द्यायला आपण तयार नसतो. दहा-बारा लाखांच्या गाडीचा धनी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो आणि वर 'दहा मिनिटांत द्या' म्हणतो. दिवसभर अनवाणी पाण्यात उभे राहून ज्याच्या बोटांना चिखल्या झाल्या आहेत, त्या पोऱ्याने मग दुसरी बादली कोणत्या वेळात भरावी?

शिवाय ओरखड्यांहून मोठी हानी गटारातून वाहते. फेस, ग्रीस आणि तेल मिसळलेले हे पाणी नाल्यांतून नासर्डीला मिळते. ही नासर्डी म्हणजेच नंदिनी. टाकळीला तिचा जेथे गोदावरीशी संगम होतो, तेथे समर्थ रामदासांनी बारा वर्षे अनुष्ठान केले. नदीकाठी रिक्षा धुणाऱ्या गरिबाला आपण सर्व मिळून दटावतो, आपला साबण मात्र आडवाटेने तेथेच पोचतो. बंगळूरने मार्च २०२४ मध्ये टंचाईपायी पिण्याच्या पाण्याने मोटारी धुणारांस पाच हजारांचा दंड लावला. गंगापूर धरणावर जगणाऱ्या नाशिकने तशी वेळ येण्याची वाट का पाहावी?

आमची सूचना अशी. महानगरपालिकेने प्रत्येक केंद्रात गाळ बसण्याचा हौद आणि तेल अडविण्याची कुंडी आहे की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. नसल्यास मुदत द्यावी आणि मुदतीनंतर नळ तोडावा. चालकांनी पोऱ्यांना गमबूट द्यावेत व अर्ध्या तासाच्या कामाचा दर फळ्यावर लिहावा. आणि तो दर गिऱ्हाइकांनी कुरकुर न करता द्यावा.