दोन खुर्च्यांमधली फळी

पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नव्या पेठेत अभ्यासिकांच्या पाट्या वाचत निघावे. मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच. एसी, वाय-फाय, लॉकर, चोवीस तास खुली. त्यातच हटकून एक ओळ असते : प्रत्येक सीटला स्वतंत्र पार्टिशन. शेजारी कोण बसला आहे हे तुम्हाला दिसणार नाही, असा तिचा अर्थ. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला देऊ करण्याजोगी सोय म्हणून ती छापली जाते, आणि विद्यार्थीही ती सोय म्हणूनच विकत घेतो.

फळी साधीच असते. प्लायवूडची, बसल्यावर डोक्याच्या वर जाईल एवढी. तिच्यावर कलमांचे चिठोरे, महाराष्ट्राचा नकाशा, पूर्व परीक्षेची तारीख, एखाद्याच्या आईवडिलांचा छोटा फोटो. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला दिवसभरात स्वतःची म्हणता येईल अशी जागा तेवढीच. त्यामुळे लांबून फळीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ती त्याने मागितली आहे.

पण मालकाला ती का आवडते, हेही पाहावे. सलग टेबलावर माणसे सैल बसतात. वह्या पसरतात, कोपर लागतो, कुरकुर होते. फळी मारली की प्रत्येकाची रुंदी ठरते आणि हॉल सीटमध्ये मोजता येतो. ‘किती सीटची अभ्यासिका?’ हा प्रश्न तिथून सुरू होतो. पहिली भरली की समोरच्या इमारतीत दुसरी शाखा. सरकारी आणि पालिकेच्या अभ्यासिकांनीही तोच हिशेब उचलला. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर फोटोंच्या खाली आसनक्षमता असते. किती जण बसतील ते कळते. बसलेल्यांपैकी किती जणांची एकमेकांशी ओळख होईल, हा प्रश्न कोणाला पडलेला दिसत नाही.

काही वर्षे यात फारसे बिघडतही नव्हते. २०१२ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा, भाषेचा लेखी पेपर सोडला तर, बहुपर्यायी होती. चार पर्याय, एक गोल. बरोबर की चूक ते उत्तरतालिका सांगायची. त्यासाठी शेजाऱ्याची गरज नव्हती. फळी आणि ती परीक्षा यांचे छान जमले होते.

आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. भाषांचे दोन पेपर केवळ पात्रतेपुरते. खरी झटापट निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय यांच्या सात पेपरांत, १७५० गुणांसाठी. सगळे हाताने लिहायचे. हा बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलावा म्हणून २०२३ मध्ये पुण्यात आंदोलन झाले. मुदत मिळाली. त्या मुदतीत क्लासेसनी टेस्ट सिरीज काढल्या, प्रकाशकांनी नवी पुस्तके आणली, झेरॉक्सच्या दुकानांत उत्तरलेखनाच्या वह्या आल्या. फळ्या तेवढ्या जागच्या जागी राहिल्या.

लिहिलेले उत्तर तपासायला तालिका नसते, माणूस लागतो. टेस्ट सिरीजमध्ये तो पैसे भरून मिळतो. पण त्याने तुमचे मागचे उत्तर वाचलेले असतेच असे नाही. ‘आशय चांगला, मांडणी सुधारा’ असा शेरा मारून तो पुढच्या गठ्ठ्याकडे वळतो. प्रश्न दुष्काळाचा असो, शहरी पुराचा असो की कुपोषणाचा. पोरगा प्रत्येक उत्तर ‘शासनाने ठोस उपाययोजना कराव्यात’ इथे आणून सोडतो. हे ज्याला तिसऱ्या वेळी दिसते आणि जो तोंडावर सांगतो, ‘अरे, कुठल्या खात्याने, कुठल्या पैशातून, ते लिही ना,’ तो माणूस त्याच्या उपयोगाचा. तो विकत मिळत नाही. तो रोज शेजारी बसणारा असावा लागतो आणि त्याला तुमची सवय माहीत असावी लागते.

अशा माणसांचा गट वाढवता येत नाही. यात भावनेचा भाग थोडा आहे, वेळेचा जास्त. एक उत्तर नीट वाचून त्यावर चार वाक्ये बोलायला दहा मिनिटे धरा. गटात पाच जण असतील आणि प्रत्येकाने रोज एक उत्तर लिहिले, तर प्रत्येकाची चाळीस मिनिटे इतरांसाठी जातात. बारा जण झाले की जवळजवळ दोन तास. तेवढे कोणी देत नाही. मग वरवर नजर फिरवून ‘भारी लिहिलंय’ म्हटले जाते, आणि दोनतीन आठवड्यांत गट चहापुरता उरतो. म्हणजे माणसे वाढली तर गट फोडावा लागतो. सात-आठ झाले की दोन करायचे. हे अवघड नाही. पण ते कोणी करत नाही.

करत नाही, कारण गट जुळतो तो आधीच्या ओळखीवर. एकाच इंजिनीअरिंग कॉलेजची पोरे, एकाच तालुक्याची पोरे, आणि उघड कोणी बोलत नाही तरी पुष्कळदा एकाच जातीची पोरे. चार जमले की उंबरा बंद. किनवटहून किंवा अहेरीहून नव्याने आलेल्याला पहिल्याच दिवशी सीट मिळते, कारण तिला पैसे पडतात. गट वर्षभर मिळत नाही, कारण तिथे ओळख लागते. आणि मुलगी असेल तर टपरीवर रात्री दहाला चालणारी चर्चा तिच्यासाठी आणखी लांब. जुन्या छोट्या गटांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हेही आठवावे. छोटे होते, जवळचे होते, आणि बऱ्याच जणांना बंद होते. त्या मानाने फळीवाली अभ्यासिका उदार. ती पैसे घेते, आडनाव विचारत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा जवळीक आणि बंद दार यांची ही गाठ त्यांना दिसली असावी. सर्व जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील आणि एकत्र राबतील, ही तिथली अट होती. जवळीक आपोआप जुळेल म्हणून त्यांनी वाट पाहिली नाही. आणि पुढे त्यांची रयत शिक्षण संस्था वाढली ती एकच वसतिगृह फुगवून नव्हे, गावोगावी नवी काढून. आपल्याकडे शाखा तेवढ्या निघतात. आतली अट कोणी उचलत नाही.

पालिकेच्या अभ्यासिकेत ती उचलणे अगदी शक्य आहे. प्रवेशाच्या वेळी नाव, गाव अर्जात लिहून घेतलेले असतेच. त्यावरून सहा-सहा जणांच्या तुकड्या पाडाव्यात, मुद्दाम वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या. आठवड्यातून तीन संध्याकाळी एक तास, दार लावलेल्या वेगळ्या खोलीत, फळी नसलेल्या टेबलाभोवती. शांतता हवी असणाऱ्यांची शांतता बाहेर तशीच राहील. ज्याला यायचे नाही त्याने येऊ नये. पण नव्याला निदान कोणाकडे तरी वही सरकवता यावी. आज तशी सोय नाही. कोणी महिनाभर आला नाही तर व्यवस्थापकाला कळते, कारण फी थांबते. शेजाऱ्याला कळते ते पलीकडच्या फळीवरचे कागद बदलल्यावर. तो पास होऊन गेला, गावी परतला की आजारी पडला, हे विचारायला त्याला नावही माहीत नसते.

यावर उत्तर ठरलेले आहे : जागा कुठे आहे? त्या खोलीत आणखी दहा-बारा सीट बसल्या असत्या. खासगी मालकाने असे म्हणावे. त्याला भाडे भरायचे आहे. पालिकेला ते भरायचे नाही. तिने अभ्यासिका काढली ती बाजारात परवडत नाही अशा पोरांसाठी. त्याच पोरांना टेस्ट सिरीजही परवडत नाही, आणि ओळखीचा गटही त्यांनाच मिळत नाही. तरीही पालिकेला दहा-बारा सीट जास्त मोलाच्या वाटत असतील, तर निदान फ्लेक्सवर ‘विद्यार्थ्यांचे हक्काचे व्यासपीठ’ असे लिहू नये. ‘बसण्याची सोय’ एवढेच लिहावे.