'सिगारेट वगैरे?' 'छे, अजिबात नाही!'

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, 'सिगारेट वगैरे?' शेजारी आई बसलेली असते. तुम्ही काय सांगता? अर्थात, 'नाही'. फणसवाडीत तर हे उत्तर ठरलेलंच. इथले फॅमिली डॉक्टर तुमच्या आजोबांनाही ओळखतात आणि चाळीच्या गॅलरीत सकाळी फुटलेली बातमी दुपारपर्यंत ठाकूरद्वारला पोहोचते. म्हणून सुट्टा मारायचा तो दोन गल्ल्या सोडून, वर च्युइंगगम. हे सगळं मी समजू शकते. पण घरच्यांपासून लपवणं वेगळं आणि औषध लिहून देणाऱ्यापासून लपवणं वेगळं. दुसरं जास्त महागात पडू शकतं.

फुप्फुसांचं आपण शाळेपासून ऐकतोय. पाकिटावरचे फोटो बघूनही आता काही वाटत नाही. मेंदूचं मात्र कोणी धड सांगत नाही. झुरका घेतल्यावर साधारण १० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं. तिथे अ‍ॅसिटिलकोलीन या आपल्याच रसायनासाठी असलेल्या जागा ते बळकावतं, डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. रोज हेच होऊ लागलं की मेंदू त्या जागांची संख्याच वाढवतो. मग त्या रिकाम्या राहिल्या की चिडचिड, लेक्चरमध्ये लक्ष न लागणं, हात शिवशिवणं. पुढची सिगारेट हे थांबवते आणि आपण म्हणतो, 'यार, टेन्शन गेलं.' ते टेन्शन बऱ्याचदा आधीच्या सिगारेटनेच आणलेलं असतं.

धुराची आणखी एक करामत आहे. मोनोअमाइन ऑक्सिडेझ नावाचं एन्झाइम डोपामिनचा निचरा करतं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये या एन्झाइमचा 'बी' प्रकार सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे एका हाताने नळ सोडायचा आणि दुसऱ्या हाताने मोरीला बोळा लावायचा!

आता डॉक्टरांशी खोटं बोलण्याकडे येऊ. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं सीवायपी-वन-ए-टू हे एन्झाइम जोरात कामाला लागतं. ते चहा-कॉफीतलं कॅफीन मोडतं आणि काही औषधंही. सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातलं कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने संपतं. चाय-सुट्ट्याची जोडी आपल्याला दोस्ती वाटते, पण त्यातला सुट्टा चहाला लवकर हाकलून देतो. तेच मानसिक आजारांवरच्या ओलान्झापिन, क्लोझापिनचं आणि दम्याच्या थिओफिलिनचं. ओढणाऱ्याच्या रक्तात ती कमी उरतात. डॉक्टरांना वाटतं, गोळी लागू पडत नाही. ते डोस वाढवतात. मग कधीतरी कावीळ होते, पेशंट अ‍ॅडमिट होतो, सिगारेट एकदम बंद. डोस मात्र तोच. काही दिवसांतच रक्तातलं औषध वाढतं. क्लोझापिनच्या बाबतीत तर फिट येण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आणि फाइलवर लिहिलेलं असतं, 'धूम्रपान: नाही'.

मुलींना तर हा प्रश्न बऱ्याचदा विचारलाच जात नाही. चांगल्या घरातली मुलगी ना! पीसीओडीसाठी अनेकींना इस्ट्रोजेन असलेल्या हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या जातात. त्यांच्यासोबत सिगारेट असेल तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, पस्तिशीनंतर तर फारच. विचारलं नाही तर आपण सांगायचं. लाजायचं त्यांनी, ज्यांनी गृहीत धरलं.

नुसतं 'तंबाखू आहे' म्हणूनही भागत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ तंबाखू ओढणारे होते आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. निकोटिन दोन्हीकडे तेच, पण यकृताचा हा खेळ निकोटिनचा नाही, धुराचा आहे. निकोटिनच्या पॅचने तो होत नाही. तेव्हा ओढता की खाता, हेही सांगा. 'मी फक्त जॉइंट मारतो, सिगारेट नाही' म्हणणाऱ्यांनी त्यात तंबाखू मिसळलेली असते का, तेही आठवावं.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. तुम्ही शेवटचं अख्खं पाकीट कधी घेतलंत? तर असो.

अठरा पूर्ण असतील तर आईला म्हणा, 'तू जरा बाहेर बस, मी येतोच.' आत गेल्यावर 'रोज चार, दीड वर्ष' एवढंच बोला. कौन्सेलरचीही गरज वाटली तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. सोडायचं ठरवलंत आणि गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना कळवा, डोस स्वतः बदलू नका. आणि त्याच दिवसापासून चहा निम्मा करा. कारण कॅफीन आता लवकर संपणार नाही. चहा तेवढाच राहिला तर रात्री झोप लागत नाही, छाती धडधडते, आणि ती तलफच आहे असं समजून पोरं पुन्हा टपरी गाठतात.