नव्या उद्भवाआधी मीटर

मार्च उजाडला की नगरपालिकांच्या पाणीपुरवठा विभागांतून मंत्रालयाकडे एकच मागणी जाते : नवा उद्भव द्या, नवी मुख्य वाहिनी द्या. शहरे वाढत आहेत, त्यामुळे मागणीला आधार आहेच. सातारा पालिकेची हद्द 2020 साली वाढली आणि शाहूपुरी, विलासपूरसारख्या दाट वस्त्या शहरात आल्या. सांगली, मिरज, कुपवाडमध्ये गुंठेवारीची घरे आधी उभी राहिली, गटारी आणि जलवाहिन्या मागून धावल्या. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने बांधकामे नियमित करण्याची वाट मोकळी केली. कागद नियमित झाला म्हणून शेवटच्या घरातल्या नळाचा दाब मात्र वाढत नाही, हे आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तरीही आमचे ठाम मत आहे की उद्भवाचा प्रस्ताव टाकण्याआधी वाटपाचा हिशेब झाला पाहिजे. त्यासाठी दूर जायला नको. कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावरचे मलकापूर पाहावे. रुग्णालय, महाविद्यालये आणि महामार्ग यांच्यामुळे हे गाव झपाट्याने शहर झाले. कोयना नदी जवळच, त्यामुळे कच्च्या पाण्याची ददात नव्हती. अडचण होती ती वाटपाची. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांना बरोबर घेऊन नगरपंचायतीने चोवीस तास पाणी देण्याचे ठरवले. संगणकावर संपूर्ण वितरण जाळ्याचे गणित मांडले, एचडीपीईच्या वाहिन्या टाकल्या, घरोघरी दुरून वाचता येणारे मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी टप्प्यांची पाणीपट्टी लावली. या कामाची दखल थेट पंतप्रधान पुरस्काराने घेतली गेली.

चोवीस तास पाणी म्हणजे चैन, असा समज आजही सभागृहांत आहे. तो आपणच आकड्यांनी खोडायला हवा. दिवसाचे पाणी दोन तासांत सोडायचे तर वाहिनीतून सरासरीच्या बारापट वेगाने ते न्यावे लागते. मग व्यास वाढतो, खर्च वाढतो आणि तरी टोकाच्या घरी करंगळीएवढी धार येते. तो घरमालक थेट नळाला मोटर लावतो, त्याच्या पुढचा कोरडा पडतो. सकाळी नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ पाणी मोरीत ओतले जाते. आपल्या जिल्ह्यांत हे घरोघरी चालते. नळ कधीही सुरू करता येतो अशी खात्री पटली की साठवण कमी होते, ओतणे थांबते, आणि मीटर फिरताना दिसला की गळका नळही दुरुस्त होतो.

2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्याची आठवण सर्वांना आहे. पन्नास वाघिणींच्या एका खेपेत सुमारे 25 लाख लिटर पाणी जात असे. आता एक लाख लोकवस्तीचे शहर घ्या. माणशी 135 लिटर या मापदंडाने रोज 1 कोटी 35 लाख लिटर पाणी लागते. त्यातला चौथा हिस्सा गळतीत आणि बेहिशेबी जोडण्यांत गेला, तर तो होतो 33 लाख 75 हजार लिटर. म्हणजे लातूरच्या एका गाडीहून जास्त पाणी, रोज, शुद्ध करून आणि उपसून वाया. या पाण्याचे वीजबिल आपण भरलेले असते.

साताऱ्याचे कासचे पाणी उताराने येते, उपशाचा खर्च नाही. असे भाग्य थोड्या शहरांना लाभते. धरणाची उंची वाढवून तिथला साठा वाढवला, हे चांगलेच झाले. पण वाढीव पाणी जुन्या, नकाशावर नसलेल्या वाहिन्यांत सोडले तर दाबाबरोबर गळतीही वाढेल. त्यामुळे वाढीव हद्दीतली प्रत्येक जोडणी मीटरसह द्यावी आणि जुन्या पेठांत मीटर टप्प्याटप्प्याने न्यावेत, असे आम्हाला वाटते. एका खोलीत राहणारी म्हातारी आणि रोज दोन गाड्या धुणारा बंगलेवाला सारखीच वार्षिक पाणीपट्टी भरतात, हा अन्याय आहे. मीटरला विरोध करणाऱ्या नगरसेवकांना हेच सांगावे.

दाब शून्यावर आला की फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. 2014 साली मिरजेत गॅस्ट्रोच्या साथीने माणसे दगावली. खंडित पुरवठा किती जिवावर बेतू शकतो, हे समजायला दुसरे उदाहरण नको. शिवाय दिलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन परत येते. कराड-मलकापूरचे सांडपाणी ज्या कृष्णेत मिसळते, तिच्यावरच खाली सांगलीचे जॅकवेल आहे, आणि सांगलीतल्या शेरी नाल्याचा प्रश्न वर्षानुवर्षे कृष्णेशी झुंजतो आहे. म्हणून पाणी योजनेच्या अंदाजपत्रकात सांडपाणी शुद्धीकरण पहिल्या टप्प्यातच हवे. ते पुढच्या टप्प्यावर ढकलले की राहून जाते.

या उन्हाळ्यात एक काम करावे. शहरातली एकच उंच टाकी निवडा, तिच्या क्षेत्राच्या सीमेवरचे व्हॉल्व्ह बंद करा, घरांच्या साठवण टाक्या आधी भरून घ्या आणि रात्री 2 ते 4 या वेळेत टाकीतून किती पाणी जाते ते मोजा. त्या वेळी गाव झोपलेले असते. जे वाहते ते बहुतांशी गळती असते. व्हॉल्व्हमनला बरोबर घ्या, जमिनीखालचा खरा नकाशा बहुधा त्याच्याच डोक्यात असतो. आकडे आमच्याकडे पाठवा. आकडा कितीही मोठा असो, शहराचे नाव न छापता पुढील अंकात मांडू आणि कुणी कोणत्या उपायाने किती गळती कमी केली, ते त्याखाली देऊ.