अकरा हजारांचा मान

आपल्या इंदूरकरांना हल्ली एका आकड्याची भारी मिजास आहे. २०२४च्या लोकसभेला इथला भाजपचा उमेदवार ११,७५,०९२ मतांनी निवडून आला. देशात पहिला नंबर! हळदीकुंकवालासुद्धा बायका हा आकडा पाठ म्हणून दाखवतात. मी एवढंच विचारते, समोर होतं कोण?

२९ एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि थेट भाजपची वाट धरली. उरलेल्यांत सर्वांत पुढे राहिलेल्या बसपच्या उमेदवाराला ५१,६५९ मतं. आणि ‘नोटा’ला? २,१८,६७४. म्हणजे या शहरात दुसरा आला तो ‘यांपैकी कोणीही नाही’. याला विक्रम म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आखाड्यात एकट्याच उतरलेल्या पहिलवानाला मी गदा देणार नाही.

माझ्या लेखी मोठा आकडा वेगळाच आहे: ११,४८०. २००९मध्ये सुमित्राताई महाजन एवढ्याच मतांनी निवडून आल्या. त्यांना ३,८८,६६२, काँग्रेसच्या सत्यनारायण पटेलांना ३,७७,१८२. तेव्हा कितीजण म्हणाले, ‘ताई कशाबशा वाचल्या!’ कशाबशा? त्या वर्षी शेजारचे उज्जैन, देवास, धार, तिन्ही मतदारसंघ काँग्रेसने घेतले. त्या वाऱ्यात इंदूर टिकलं, ते दारोदार हिंडून, एकेक मत मागून. उलट २०१४ला त्याच ताई ४,६६,९०१ मतांनी आल्या, त्यात लाटेचा वाटा किती हे सांगायला ज्योतिषी नको.

‘ताई सोज्वळ, म्हणून लोक मत देत,’ हे तर मला मुळीच पटत नाही. सोज्वळ बायका आपल्या गल्लोगल्ली आहेत, आठ वेळा खासदार कोण झालं? १९८५ला ताई विधानसभेला हरल्या होत्या. घरी बसल्या नाहीत. १९८९ला त्यांनी प्रकाशचंद्र सेठींना हरवलं. सेठी म्हणजे राज्याचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री. तिथून २०१४पर्यंत सलग आठ विजय. हे राजकारण आहे बायांनो, सोज्वळपणा नव्हे. पुरुषाच्या बाबतीत याला आपण ‘मुत्सद्दीपणा’ म्हणतो.

कोणी म्हणेल, तुम्ही मराठी, म्हणून ताईंची बाजू घेता. छे! आठ विजय मिळाले म्हणून कामाचा हिशेब माफ होत नाही. तो हिशेब मागता येतो तोच मुळी अटीतटीच्या लढतीत. अकरा हजारांनी वाचलेला खासदार पुढच्या पाच वर्षांत तुमच्या मोहल्ल्यातल्या नळाची चौकशी करतो. बारा लाखांनी आलेल्याला ती गरज काय? आणि पक्षाची तरी रीत पाहा. २०१९ला उमेदवारीचा घोळ लांबत गेला, शेवटी ताईंनाच पत्र लिहून ‘मी लढणार नाही’ म्हणावं लागलं. आठ वेळा जिंकलेल्या बाईची ही किंमत!

तेव्हा मतांचं अंतर मोजताना आधी समोरचा माणूस मोजा. ज्या निवडणुकीत हरण्याची भीतीच नाही, तिच्यात मतदाराला कोणी भीत नाही. सव्वादोन लाखांच्या आसपास इंदूरकरांनी ‘नोटा’चं बटण दाबून हेच सांगितलं. तो आकडाही पाठ करा.