दोनशे अँपिअरचं काय करायचं?

"वेल्डिंग मशीन कुठलं घेऊ?" असं कुणालाही विचारा. मेकॅनिकलचा सीनियर असो नाहीतर दुकानदार, उत्तर एकच: "मोठं घे, पुढे उपयोगी पडेल." जुनी गाडी घरी दुरुस्त करायची असेल तर हा सल्ला चक्क चुकीचा आहे, असं माझं मत आहे. कॉन्व्हेंटवाली मुलगी वेल्डिंगवर लिहितेय, तेही मराठीत, म्हणून हसणाऱ्यांनी खुशाल हसावं!

विषय निघाला माझ्या मामामुळे. त्याच्याकडे १९८६ ची मॅटाडोर पिकअप आहे, बजाज टेम्पोची (२००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं). रत्नागिरीच्या आंब्याच्या पेट्या वाहून वाहून या गाडीनं घरातल्या दोन मुलांची शिक्षणं केली. आता खारा वारा आणि कोकणातला पाऊस यांनी दारांच्या खालच्या कडा, फ्लोअर आणि फाळक्याजवळचा पत्रा यांची अक्षरशः जाळी केलीय. मामेभाऊ म्हणतो, भंगारात द्या. मामा म्हणतो, दारात उभी राहील पण भंगारात जाणार नाही. शेवटी ठरलं की गाडी सावकाश घरीच करायची आणि मशीन कुठलं ते मी सांगायचं. गंमत वाटते ना? पण या गाडीचे पत्रे आता सहज मिळत नाहीत. उरलेला चांगला भाग जाळून टाकला की तो गेलाच.

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी जाड पट्ट्यांवर आर्क वेल्डिंगचा जॉब केला, सही घेतली, जर्नल सबमिट केलं. (कुणाचा जॉब कुणी केला ते इथे लिहीत नाही, सर हे पान वाचतात.) ती पट्टी पाच-सहा मिलिमीटरची. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर, गंजलेल्या कडेला त्याहूनही कमी. नेहमीचा अडीच एमएमचा रॉड नीट चालायला साठ-सत्तर अँपिअर तरी लागतात. एक एमएम पत्र्याला ढोबळ हिशोबानं चाळीस पुरतात. म्हणजे सांधा बसायच्या आधी भोक! ते भरायला जावं तर कडा वितळते आणि भोक आणखी मोठं होतं. बारीक रॉड मिळतात, मान्य. पण त्यांनी पातळ पत्रा सांधायला मुरलेला हात लागतो.

म्हणून खोक्यावर ठळक छापलेला २०० हा आकडा बघूच नका. मशीन खाली किती अँपिअरपर्यंत शांतपणे चालतं, ते विचारा. तीस-चाळीसवर आर्क तुटत असेल तर ते मशीन आपल्या कामाचं नाही. शिवाय ते २०० आणणार कुठून? आर्कच्या मशीनमधून २०० अँपिअर निघताना साधारण २८ व्होल्ट असतात, म्हणजे ५६०० वॅट. घरातला १५ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला साडेतीन हजारांच्या आसपास देतो. उलट पत्र्याच्या कामाला ६० अँपिअर धरले तरी १७ व्होल्टनं हजार वॅट होतात, मशीनचे लॉसेस वेगळे. हॉस्टेलमध्ये रेक्टर सरांची नजर चुकवून लावला जाणारा पाण्याचा हीटर यापेक्षा जास्त खातो!

माझी पसंती आहे मिग मशीनला, आणि तेही गॅसवालं. ०.६ किंवा ०.८ एमएमची वायर, सोबत आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, पण शिंतोडे जास्त उडतात आणि आर्क तितका शांत राहत नाही. बिनगॅसची फ्लक्सवाली वायर सिलिंडरचा खर्च वाचवते आणि उघड्या अंगणात वाऱ्याला दाद देत नाही. पण ती पातळ पत्र्याला जास्त तापवते, वर खपली काढत बसावी लागते. मामानं पडवीला ताडपत्री बांधावी आणि गॅसच घ्यावा. टिग सगळ्यात देखणं, हे कबूल. पण त्याला पत्रा आरशासारखा स्वच्छ हवा आणि चाळीस वर्षांच्या गाडीत तो आणायचा कुठून? जुने डेंटर गॅस वेल्डिंग करायचे, त्यांचा सांधा मऊ असायचा, ठोकून सपाट करता यायचा. मात्र उष्णता लांबवर पसरते आणि नवशिक्याच्या हातात सगळं पॅनल वाकडं होतं.

ड्यूटी सायकलवरून आपल्याकडे फार वाद होतात. या कामात एकसलग वेल्ड मारायचाच नसतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मधे पत्रा गार होऊ द्यायचा. त्यामुळे ३० टक्के, म्हणजे दहा मिनिटांत तीन मिनिटं, हेही भरपूर आहे. आणि जोड कडेला कडा लावून करावा. पत्र्यावर पत्रा चढवला की मधल्या फटीत पाणी साठतं आणि दोन पावसाळ्यांत सगळं परत लांबी भरण्यावर येतं.

सुरुवात करण्याआधी बॅटरीची वायर काढायची आणि डिझेलची टाकी उतरवायची, यात तडजोड नाही. काच नसताना आर्ककडे पाहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, म्हणून हेल्मेटचे पैसे मशीनच्या बजेटमध्येच धरावेत. चॅसिसला मात्र मामानं हात लावू नये. दाराचा सांधा सुटला तर दार खडखडेल, चॅसिसचा सुटला तर रस्त्यावर माणसं आहेत. ते काम ज्याचं रोजचं आहे त्यालाच द्यावं.

मामाला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं, एवढुसं मशीन? फाळक्याला तरी पुरेल का?" मी त्याला जुन्या दाराचा वीतभर पत्रा कापून ठेवायला सांगितलंय. दिवाळीच्या सुट्टीत तो पिशवीत घालून आम्ही दुकानात जाणार. दुकानदारानं त्याच पत्र्यावर, चाळीस अँपिअरला, आमच्यासमोर चार टाके मारून दाखवायचे. भोक पडलं तर पुढचं दुकान.