महागडे पेट्रोल : गाडीला हवे की मनाला?

महिन्याची एक तारीख. म्हैसूरच्या अग्रहारात, एकशे एक गणपतींच्या देवळापासून जवळच राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात सूनबाई जमाखर्चाची वही घेऊन बसल्या होत्या. किराणा, दूध, वीजबिल, मुलीच्या शिकवणीची फी, सगळे जुळले. पेट्रोलचा आकडा मात्र चारशे रुपयांनी वाढलेला! भाव तर वाढले नव्हते, फिरणेही नेहमीइतकेच. मग?

पावत्या पाहिल्यावर उलगडा झाला. यजमान महिनाभर मोटारीत आणि घरातल्या दोन्ही स्कूटरमध्ये ‘प्रीमियम’ पेट्रोल भरत होते. ‘‘अगं, भारी पेट्रोल आहे ते. पिकअप चांगला मिळतो, इंजिनही जास्त टिकतं,’’ त्यांनी समजावले. तेवढ्यात सासरे म्हणाले, ‘‘माझी येझदी जन्मभर साध्या पेट्रोलवरच धावली. तिचं काय बिघडलं?’’

सासऱ्यांची येझदी याच शहरातली. म्हैसूरच्या यादवगिरीतील आयडियल जावाच्या कारखान्यात ती तयार झाली. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण तिथल्या गाड्या अजून जपणारी माणसे म्हैसुरात आहेत.

आता खरे कोणाचे? मुलाचे की वडिलांचे?

त्यासाठी आधी ‘ऑक्टेन’ म्हणजे काय, हे पाहायला हवे. इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते आणि मग प्लगच्या ठिणगीने पेटते. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी आपोआपच भडकतो. त्या वेळी इंजिनातून खडखड असा आवाज येतो. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. हे सतत होत राहिले तर पिस्टनला इजा पोहोचते. पेट्रोल असे अवेळी भडकण्याला किती विरोध करते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन.

म्हणजेच ऑक्टेन हे पेट्रोलच्या ताकदीचे माप नव्हे. याचा उत्तम पुरावा आज आपल्या टाकीतच आहे. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचे ऑक्टेन शंभराहून जास्त असते. पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ऑक्टेन जास्त आणि ऊर्जा कमी, असे खुशाल असू शकते.

मग जास्त ऑक्टेनचे पेट्रोल कोणाला लागते? ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते, त्याला. टर्बो इंजिनाच्या काही मोटारी, काही परदेशी मोटारी आणि शर्यतीच्या धर्तीच्या मोटरसायकली यांत ते उपयोगी पडते. नेहमीच्या स्कूटरला किंवा घरगुती लहान मोटारीला सहसा त्याची गरज नसते. येझदीसारख्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात तर दाब आणखी कमी. तेव्हा या बाबतीत सासऱ्यांचेच खरे.

आपल्याकडे भारत स्टेज ६ च्या नियमांनुसार साध्या पेट्रोलचे ऑक्टेन किमान ९१ असते. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ पर्यंत जाते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. मग ९५ ऑक्टेनच्या प्रीमियमसाठी आपण जादा पैसे देतो, ते मुख्यतः इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांसाठी. ही रसायने निरुपयोगी नाहीत. पण त्यांचा परिणाम हळूहळू होतो आणि ती वेळेवर केलेल्या सर्व्हिसिंगची जागा घेऊ शकत नाहीत. महाग पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेले पेट्रोल, असेही गृहीत धरू नये.

याहून वरच्या दर्जाचे पेट्रोलही मिळते. इंडियन ऑईलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. हे पेट्रोल महागड्या, जोरदार इंजिनांसाठी आहे. मंडईत जाणाऱ्या स्कूटरसाठी नव्हे.

अमेरिकेत ‘ट्रिपल ए’ या वाहनधारकांच्या संस्थेने २०१६ मध्ये याची चाचणी घेतली. साध्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलेल्या मोटारींत प्रीमियम भरून ताकद, अ‍ॅव्हरेज किंवा धूर यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अमेरिकन लोक वर्षाला २ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम अशी वाया घालवतात, असा या संस्थेचा अंदाज होता. पुढच्या वर्षी तिने प्रीमियमची शिफारस असलेल्या मोटारी तपासल्या. त्यांतही अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्केच वाढले.

आता आपला हिशेब. साधे पेट्रोल १०० रुपये आणि प्रीमियम १०८ रुपये लिटर धरू. पैसे वसूल व्हायचे, तर अ‍ॅव्हरेज ८ टक्क्यांनी वाढायला हवे. म्हणजे ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरने साडेअठ्ठेचाळीसच्या वर द्यायला हवेत! अग्रहारातल्या या घरात तीन वाहनांना मिळून महिन्याला ५० लिटर पेट्रोल लागते. त्यावर जादा ४०० रुपये, म्हणजे वर्षाला ४,८०० रुपये.

याचा अर्थ प्रीमियम कधीच घेऊ नये, असा मात्र नाही. गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर ९५ किंवा अधिक ऑक्टेन सांगितले असेल, तर तेच भरावे. तिथे काटकसर महागात पडते. जुन्या गाडीच्या इंजिनातून चढावर खडखड ऐकू येऊ लागली, तर मेकॅनिकला दाखवावे. आत साचलेल्या काजळीमुळेही तसे होते. भारी पेट्रोलने आवाज थांबेल, पण काजळी साफ करणे हाच खरा उपाय.

तरीही शंका वाटत असेल, तर घरीच परीक्षा घ्यावी. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरावी आणि झालेल्या किलोमीटरना लागलेल्या लिटरने भागावे. तीन वेळा साधे, तीन वेळा प्रीमियम. रस्ता आणि चालवणारी व्यक्ती तीच हवी.

अग्रहारातल्या सूनबाईंनी हेच केले. चामुंडी टेकडीचा चढ आणि रोजचा बाजार धरून स्कूटरच्या अ‍ॅव्हरेजमध्ये फरक आला अर्ध्या किलोमीटरचा. यजमानांनी मग कपाटातून माहितीपुस्तक शोधून काढले. त्यात साधेच पेट्रोल सांगितलेले होते!

पुढच्या महिन्यात वाचलेल्या पैशांतून स्कूटरचा एअर फिल्टर बदलला, प्लग नवा बसवला आणि चाकांत योग्य हवा भरली. पिकअप सुधारला, हे यजमानांनीही मान्य केले. सासरे मात्र काही बोलले नाहीत. नुसते हसले आणि येझदी पुसायला गेले.